शेवटचं पान कोरं नव्हतं

केनवड, ता. रिसोड, जि. वाशीम
८ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. तपासणी अधिकारी,
डिजिटल ग्रंथालय विभाग, पुणे

महोदया,

आपल्या कंपनीच्या कार्यालयाकडून आलेला 'वाचकांच्या गरजा' हा फॉर्म भरून सोबत जोडला आहे. अकरा प्रश्न आहेत आणि प्रत्येकाखाली दोन बोटं जागा. अकराव्याला तर तेवढीही नाही. "वाचकांना डिजिटल ग्रंथालयाकडून आणखी काय हवे?" असं विचारायचं आणि खाली एक रेघ द्यायची, हा कुठला न्याय? म्हणून हा वेगळा कागद.

मी पुंजाजी इढोळे, वय सदुसष्ट, ह्या वाचनालयाचा छत्तीस वर्षांपासून ग्रंथपाल. आमच्या पुस्तकांना वाळवी लागली होती. आपण चार हजार एकशे पुस्तकं नेली, पाठी कापून स्कॅन केली, संकेतस्थळावर टाकली आणि चार कॉम्प्युटर दिले. सुट्या झालेल्या पानांची रद्दी तिकडेच झाली. आभाराचा ठराव कमिटीने केला आहे.

आता वापर. स्पर्धा परीक्षेच्या पोरी सकाळी नऊला येऊन बसतात. त्यांना पुस्तकांपेक्षा आमचा पंखा आणि नेट जास्त लागतं, हे खरं तेच लिहितो. काही लोक सोयाबीनचा भाव बघून जातात. किशन नावाचा एक म्हातारा मोतीबिंदूमुळे सहा वर्षं वाचत नव्हता. तो आता अक्षर तळहाताएवढं मोठं करून वाचतो. एका वेळी पडद्यावर चारच शब्द मावतात. दिवसाला दोन पानं होतात. म्हणतो, "पुंजाजी, बैलगाडीनं नागपूरले चाललो, पन चाललो त खरं!" त्याच्यासाठी आपल्याला शंभर सलाम.

पण आपला तो 'शोधा' नावाचा चौकोन कुचकामाचा आहे. इथं पुस्तकाचं नाव कोणालाच आठवत नाही. "काका, ते घोडा असलेलं." "ते, ज्यात बाई विहिरीत उडी घेते आणि मग वाचते." मला कळतं. चौकोनाला कळत नाही. कॉम्प्युटरची खोली सांभाळणारी निता टाइप करते, चौकोन सांगतो शून्य पुस्तकं, मग सगळे माझ्याकडं तोंड करतात.

मुख्य तक्रार वेगळी आहे. आमच्या वाचनालयात पहिल्यापासून चाल आहे की पुस्तक वाचून झालं की शेवटच्या कोऱ्या पानावर सही करायची, तारीख टाकायची, वाटलं तर दोन शब्द लिहायचे. आमच्याकडं लोक पुस्तक उघडतात ते मागून. अमक्याने वाचलंय ना, मग मीही वाचतो, असा इथला हिशेब आहे. आपण ते पान कोरं समजून सगळ्या पुस्तकांतून गाळलं. आता लोकांपुढं चार हजार नावं आहेत आणि कोणतं घ्यावं हे सांगणारं कोणी नाही.

तांड्यावरची एक बाई पोळ्यापासून रोज येते. तिला त्या पानांतली एक सही बघायची आहे. आपल्या फॉर्ममध्ये 'निरक्षर वाचक' असा रकाना नाही, म्हणून तिला 'इतर'मध्ये धरलं आहे. तरी ती पानं असतील तर पाठवावीत.

आपला,
पुं. इढोळे

ता. क. पुस्तकांच्या यादीवर तपासणाऱ्याची सही आहे. अक्षराची शेपटी एवढी खाली ओढू नये, खालच्या ओळीत घुसते, हे मी पूर्वी एका मुलीला फार वेळा सांगितलं होतं.


केनवड
१९ सप्टेंबर

साधना,

अकरा दिवस झाले, उत्तर नाही. मंग कायले मा. अधिकारी आन् महोदया करत बसू? यादी आली त्याच दिवशी सही ओळखली मी. साडेचार वर्षांत तुह्यं तेवढंच अक्षर पायलं.

तुह्या मायले तुहा फोन येते. मी दाराबाहेर पाय टाकला की येते. मले समजत नाही असं दोघी मायलेकी समजता, समजा बाप्पा. तिले म्हनलं, पोरीले एवढा एक निरोप दे. त मनकर्णा म्हनते, "तुमच्या तोंडानं सांगा. मी काय पोस्ट हाय?" म्हनून पोस्टानं पाठवून राह्यलो.

ते तांड्यावरची बाई म्हनजे भुरीबाई. देवानंदची माय. मागच्या पत्रात मी नाव लिवलं नाही. आता लिवलं.

ती येते, चपला बाहेर सोडते आन् उंबऱ्याजवळ बसते. आत खुर्ची हाय म्हनलं तरी बसत नाही. पयल्या दिवशी नितानं इचारलं, "मावशी, काय पायजे?" निताले बिचारीले काय माहीत, ती चार वर्षांपूर्वी लगन होऊन आली या गावात. भुरीबाई म्हनली, "माह्या पोराचं अक्षर पायजे."

मंग तिनं सांगितलं. तेराव्याच्या दिवशी देवानंदच्या चुलत्यानं, त्या गुलाबसिंगनं, त्याचे कपडे, वह्या, सारं पैनगंगेत सोडून देल्लं. मोबाईल त्याच्यासंगच उसाच्या ट्रॉलीखाली गेल्ता. आधार कार्डावरचा फोटू राह्यला, त्यात त्याचे डोये मिटेल हायेत. "पन तो सांगे," भुरीबाई म्हनली, "'याडी, केनवडच्या लायब्रीत साठ-सत्तर पुस्तकांत माह्यं नाव हाय,' असं. आमच्यात मायले याडी म्हनते. मले वाचता येत नाही बाई, पन माह्या पोराचं हाय म्हनून कोनी बोट ठेवलं त मी पाहीन त खरी."

निता रोज तिले एकदोन पुस्तकं उघडून दाखवते. गोष्ट संपते, आन् लगेच तुमच्या कंपनीचा शिक्का. आजलोक पन्नासेक पुस्तकं पायली असतीन. भुरीबाई म्हनते, "बरं, उद्या दुसरं." दुसऱ्याच्या शेतातलं काम करून, तीन किलोमीटर पायी चालत येते ती हे आयकाले.

कंपनीची मानसं संमतीचा कागद घेऊन आली तवाच मी बजावलं होतं, शेवटची पानं सांभाळजा. माह्यं कोन आयकते!

नितानं तुमच्या हापिसात फोन लावला त समजलं, स्कॅनचे मूळ फोटू ३१ ऑक्टोबरलोक ठेवता, मंग पुसता. भुरीबाई दिवाळी झाली की धाकट्या पोरासंगं, बादलसंगं, ऊस तोडाले जाते. थेट उन्हाळ्यात वापस. तवालोक काहीच उरत नाही. म्हनून घाई.

तू एक कर. ते पानं एकेक पाहत बसू नको, तुहा कामाचा टाइम जाईन. सारा गठ्ठाच निताच्या मेलवर टाकून दे. त्याचं नाव मी इथं हुडकतो.

त्याले मी लायब्रीत पाय ठेवू नको म्हनलं होतं, ते खरं हाय. त्याच्यावरून तू घर सोडलं. बाकी मी त्याचं काही वाईट केलं नाही.

पुंजाजी


केनवड
३० सप्टेंबर

साधना,

वा गे वा! मोठी आली अधिकारी.

आज नितानं मले दुसऱ्या एका गावच्या वाचनालयाचं पुस्तक उघडून दाखवलं. तुमच्याच कंपनीनं केलेलं. शेवटचं पान हाय! चहाचा डाग हाय, कोन्या पोट्ट्यानं काढलेला बैल हाय, धोब्याले देल्लेल्या कपड्यायची यादी हाय. सारं हाय. फक्त केनवडचंच नाही.

निता म्हनली, "काका, हे चुकून झालं नाही." लावला तिनं फोन. तिकडून एक पोरगा गोड आवाजात म्हनते, केनवडपुरता तपासणी अधिकाऱ्यांचा लेखी शेरा आहे, अखेरची पाने वगळावीत. निता म्हनली, कोन अधिकारी? तो म्हनला, साधना मॅडम.

नितानं माह्याकडं पायलं आन् फोन ठेवला. मले वर पाहवलं नाही.

काहून केलं तू असं? तुले माहा राग हाय ना, मंग माह्यावर काढ. गावात येऊन चार लोकांसमोर बोल, आयकून घेतो. त्या बाईनं तुह्यं काय केलं? तुले त तिचा कळवळा पायजे होता. जिच्या पोरापायी तू बापाचं घर सोडलं, तिलेच तू रोज उंबऱ्यावरून वापस धाडून राह्यली? आन् मी येडा कंपनीले शिव्या देत बसलो.

उत्तर दे.

पुंजाजी


केनवड
४ ऑक्टोबर

साधना,

मागचं पत्र वाचलं नसशीन त वाचू नको.

दसऱ्याच्या दिवशी जेवता जेवता मी मनकर्णेपाशी तुह्या नावानं ओरडत होतो. अशी कशी पोरगी निपजली, असं काहीबाही. तिनं वाढनं थांबवलं. म्हनली, "तिनं ते पानं पायली असतीन. तुमचं नाक गावात शाबूत राहावं म्हनून काढली असतीन. तुमाले एवढं बी समजत नाही?"

म्हनलं, कोनते पानं?

"त्या दिवशी घरी आले तवा तुमची बोटं लाल होती," ती म्हनली. "साबनानं तीनदा धुतले तुमी हात. मी तवा इचारलं नाही, आता बी इचारत नाही." आन् भाताचं पातेलं उचलून आत गेली.

म्हनजे तिले माहीत होतं. आन् तुले बी माहीत हाय. तुह्याच टेबलावरून गेले असतीन ते सारे फोटू, एकेक. मी तुले लिवतो पाहत बसू नको, आन् तू कवाचीच पाहून बसलेली! लाजेनं मेल्यासारखं झालं मले.

आता जे तू पायलं ते कसं झालं, ते तरी आयक.

एप्रिल २०१९. सालाची पुस्तकं मोजनी चालू होती. एकेक पुस्तक काढायचं, मागचं पान पाहायचं, वाळवी असन त बाजूले ठेवायचं. एका पानावर दिसलं, देवानंद उदयसिंग राठोड, आन् खाली साधना पुंजाजी इढोळे. चार दिवसांचं अंतर. म्हनलं असन. दुसऱ्यात बी तसंच. दहाव्यात बी तसंच. कुठं तो आधी, कुठं तू आधी, पन मधी तिसरं नाव नाही. दोन वर्षांचा सारा इतिहास माह्याच कपाटात, माह्याच नाकाखाली. कोनी चुगली केली नाही तुमची. माह्या पुस्तकायनंच सांगितलं मले.

मले एकच दिसलं, या गावात लोकं पुस्तक मागून उघडता. आज मले समजलं, उद्या साऱ्याले समजन. पुस्तक उशिरा देनाऱ्यायच्या नावावर निशानी करासाठी टेबलावर लाल पेन होता. तो घेतला. दुपारभर बसून सत्तेचाळीस पुस्तकं केली. आधी फक्त त्याचं नाव खोडत होतो. मंग हात चालू लागला, तुह्यं बी खोडलं. रेघ मारून भागलं नाही, गिरवून गिरवून अक्षर दिसनार नाही असं केलं. तांड्यावरचं पोरगं आन् माही पोरगी, एवढंच होतं डोक्यात. दुसरं काहीच नव्हतं. त्याले आता कोनतं गोड नाव देऊ?

दुसऱ्या दिवशी तो आला त दारातूनच हाकलला. तो म्हनला, "काका, एक पुस्तक वापस करायचं हाय, तेवढं घ्या." मी ते बी हातात घेतलं नाही. त्यानं उंबऱ्यावर ठेवलं आन् गेला. पावनेदोन वर्षांनी मेला तो, आन् पंधराव्या दिवशी तू गेलीस.

आनखी एक. मागं लिवलं की संमतीच्या कागदाच्या टायमाले मी शेवटची पानं सांभाळा म्हनलं होतं. खोटं हाय ते. कापून रद्दी करू का, असं त्यायनं इचारलं तवा मी लगेच सही केली. सही करताना मले बरं वाटलं. सुटलो, असं वाटलं.

आता माह्यं सांगनं असं की राहू दे. तू केलं ते चांगलंच केलं. ३१ तारखेले पुसले की पुसले. भुरीबाईले मी सांगतो, ते पानं वाळवीनं खाल्ली होती. तिचा बी जीव थंड होईन आन् कोनाले काही दिसनार नाही.

पुंजाजी


केनवड
११ ऑक्टोबर

साधना,

सांगाले गेलो होतो. भुरीबाई मालेगावच्या रस्त्याकडच्या एका वावरात सोयाबीन सोंगाले गेल्ती, तिथं गेलो. कडेले धुऱ्यावर उभा राहूनच बोललो, म्हनलं, भुरीबाई, ते पानं वाळवीनं खाल्ली, कंपनीकडं नाहीत, आता येरझारा करू नका.

ती "बरं" म्हनली. सोंगत राह्यली. मंग मानेनं दाखवलं, "एवढ्या उन्हात माह्यासाठी आले भाऊ. बोरीखाली पान्याची प्लास्टिकची डबकी हाय, पेऊन जा."

प्यालो नाही गे मी. कसं पेऊ? डबकी हातात घेतली आन् तिथंच खाली बसलो. जे तुले लिवलं ते सारं तिले सांगितलं. लाल पेन, सत्तेचाळीस पुस्तकं, संमतीची सही, वाळवीचं खोटं. दुसऱ्या बाया सोंगनं थांबवून आयकत होत्या. आयकू देल्लं.

तिनं इळा खाली ठेवला. मंग म्हनली, "तुमच्या पोरीचं बी खोडलं?"

म्हनलं, हो.

"तिचं काहून? ते त तुमचंच व्हतं."

मंग ती उठली आन् मले बोलली. काय काय बोलली ते लिवत नाही, सारं खरं होतं. "माह्यं पोरगं चोरी कराले येत होतं का तुमच्या लायब्रीत? वावरातून आलं की हातपाय धुऊन, कपडे बदलून येत होतं. काय खराब झालं तुमचं त्याच्या नावानं? कागद बाटला?" तिचा आवाज फाटला. बायायनं तिले धरलं. मी तसाच बसून.

निंघालो त मागून हाक मारली. रागातच होती. म्हनली, "खोडलं त खोडलं. खालचं अक्षर त त्याचंच हाय ना? ते मले दाखवा."

तवा आता माह्यं सांगनं हे. मागच्या पत्रात लिवलं ते सोड. ते पानं टाक. निताच्या मेलवर चोरून नको, उघड टाक, संकेतस्थळावर, जिथं ती सारी पुस्तकं हायेत तिथं. फक्त त्याचीच नको, सारेच्या सारे टाक. कोनी इचारलं हे लाल कोनाचं, त खाली लिव, ग्रंथपाल पुं. इढोळे. तू माह्यं नाक राखलं ते राखलं. आता मले ते असं राखून नको.

एक गोष्ट मातर तुही. त्या पानायवर तुह्यं बी नाव हाय. तुले ते जगासमोर नको असन, त टाकू नको. मी भुरीबाईले जाऊन सांगीन की पोरीची इच्छा नाही, आन् ती का नाही ते बी सांगीन. आता तिच्यापाशी मी खोटं बोलत नाही.

दिवाळी २० तारखेले हाय. टोळीचा ट्रॅक्टर २५ ले सकाळी निंघते.

तुहा बाप


केनवड
२५ ऑक्टोबर

साधना,

बुधवारी निता पळत घरी आली, "काका, आली!" तुही चिठ्ठी नाही, फोन नाही, नुसती पानं. चार हजार एकशे. आमी दोघं दोन दिवस उघडून पाहत बसलो. किती लोकं वाचत होती गे या गावात! मेलेले, गाव सोडून गेलेले, नांदाले गेलेल्या पोरी. पोरीबाळी आता 'शोधा'च्या चौकोनाकडं पाहत बी नाहीत, पयले मागचं पान उघडता, आपल्या मायचं, आज्याचं नाव हुडकता, आन् मंग पुस्तक वाचता. तुमच्या अकराव्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं, मी फालतूच दोन पानं लिवली.

लाल पयले किशनले दिसलं. त्याचं अक्षर एवढं मोठं असते की साऱ्या खोलीले दिसते. तो मोठ्यानं म्हनला, "पुंजाजी, हे तुह्या पेनानं हाय बे." काल दोघं-तिघं मले पाहून पलीकडून गेले. कमिटीनं सोमवारी बैठक ठेवली हाय. काय करतीन ते करोत.

काल शुक्रवारी दुपारी भुरीबाई आली. नितानं खुर्ची ओढली त यावेळेस बसली. मी उंबऱ्याजवळ उभा होतो. नितानं पयलं पान उघडलं, सारा लाल गिचका. भुरीबाईनं माह्याकडं पायलं नाही. निता म्हनली, "मावशी, थांबा," आन् काय काय दाबत बसली. म्हनली, सही निळी हाय आन् खोडलेलं लाल हाय, कॉम्प्युटरमधून लाल रंग तेवढा उतरवता येते. मले खरं वाटलं नाही. पन लाल फिकं फिकं होत गेलं आन् खालून निळं वर आलं. देवानंदचं अक्षर. बारीक, उभं, एकदम साफ.

भुरीबाई काचेवर बोट ठेवून म्हनली, "हे?" निता म्हनली, "हेच." "मोठं कर बाई." निता करत गेली. एक 'दे' साऱ्या पडद्यावर मावला तवा भुरीबाई रडली. आमी दोघंही रडलो, लपवत नाही.

मंग तिनं डोये पुसले, मले बोलावलं, शेजारच्या खुर्चीवर बसवलं. म्हनली, "वाचा."

म्हनलं, निता वाचते.

"नितानं काहून? खोडलं तुमी. तुमीच वाचा. सारे सत्तेचाळीस."

नाव वाचाले लागलो. तवा पायलं की नावाच्या पुढं दोघायनं लिवलं हाय. दोन दोन शब्द, कुठं एखादी ओळ. खोडताना मी ते वाचलंच नव्हतं. नावं दिसली की पेन चालवला. एवढी वर्षं पुस्तकायचा धंदा केला आन् जे वाचायचं ते वाचलं नाही.

देवानंद उदयसिंग राठोड, ३ मार्च, 'लय भारी, पण हिरो बावळट.' साधना पुंजाजी इढोळे, ७ मार्च, 'बावळट नाही, भोळा.' दुसऱ्यात तू आधी, 'शेवटी रडू आलं.' खाली तो, 'मला नाही आलं. (आलं.)' एकात तो, 'शेवट पटला नाही.' तू, 'मग दुसरा लिही.' भुरीबाई हसली गे, तोंडावर पदर घेऊन. म्हनली, "असाच व्हता. खरं बोलाले त्याले दोन डाव लागत." मंग प्रत्येक ओळ ती मले दोनदा वाचाले लावे. तुही ओळ आली की म्हने, "हे तिनं म्हनलं ना?" मी म्हनो, हो, हे साधनानं म्हनलं.

सव्वा तास लागला. माहा आवाज बसला. तुमी दोघं जे एकमेकांशी बोलले ते मी त्याच्या मायसमोर, नितासमोर, खोलीतल्या साऱ्या पोरींसमोर मोठ्यानं वाचलं, त्याचं त्याच्या जागी, तुह्यं तुह्या जागी. मधी उठून पानी प्यावं असं लय वाटलं, उठलो नाही.

नितानं बाईसाठी लाल काढलेल्या सत्तेचाळीस पानायच्या प्रती छापल्या, पिशवीत घालून देल्ल्या. संकेतस्थळावर मातर लाल हाय तसंच राहू दे, ते काढू नको.

शेवटचं पुस्तक १८ एप्रिलचं होतं. देवानंदची सही, आन् पुढं, 'संपलं. आता पुढचं कोणतं वाचू, तू सांग.' त्याच्या खाली तुह्यं नाव नाही. कसं राहीन? दुसऱ्या दिवशी मोजनीत ते पुस्तक माह्या हाती आलं. तुह्यापर्यंत गेलंच नाही ते.

मी वाचून थांबलो. भुरीबाई म्हनली, "मंग? तिनं काय सांगतलं?"

म्हनलं, काहीच नाही, पान इथंच संपते.

ती उठली, पिशवी काखेत घेतली, चपला पायात घातल्या. म्हनली, "मंग इचारा ना तिले."

आज सकाळी ट्रॅक्टर गेला. इचारून राह्यलो, साधना. त्यानं पुढचं कोनतं वाचावं?

तुहा बाप